बोटीत गेलेली तुळई

आमच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, कधी तेही नाही, आणि दारात बोट होती. गल्लीतल्या बायांना बोलायला आणखी काय लागतं? टँकरच्या रांगेत माझा हंडा दिसला की कोणीतरी म्हणायचंच, "काकू, तुम्ही कशाला रांगेत? बोटीत बसा आन् टाकीपर्यंत जाऊन या की." मी म्हणायचे, "आधी टाकीत पाणी येऊ द्या, मग तुम्हालाही नेते."

आम्ही तेव्हा शहराच्या पार टोकाला, शेंद्र्याकडं जाणाऱ्या रस्त्याला राहायचो. तिकडं त्या वेळी कारखाने नव्हते, ज्वारी होती. घर पत्र्याचं, अंगण मोठं. अंगणात एक लिंब, लिंबाखाली बोट, पालथी घातलेली. फायबरची, पांढरी. उन्हाळ्यात ती आणली तेव्हा मला तिचा एकच उपयोग दिसला. तिच्या पाठीवर जुनं धोतर अंथरून मी कुरडया घातल्या. वरून ऊन, खालून तापलेलं फायबर, एका दिवसात कडक वाळल्या. ज्या बाया हसत होत्या त्याच दुसऱ्या दिवशी आपला चीक घेऊन आल्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. निजामावर पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणजे वय काढा. लिहिता येतं म्हणून लिहिते. आमच्या घरात आता ही बोट कोणाला आठवत नाही. आठवत असली तरी चुकीची आठवते. नातू म्हणतो, आजोबांकडं जहाज होतं.

जहाज नव्हतं. पाटबंधारे खात्याची जुनी बोट होती. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. त्या गंगेच्या अलीकडं माझं सासर आणि पलीकडं माहेर. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, पावसाळ्यात नावेतून. सकाळच्या भाकरी करून निघालं की दुपारी मायच्या चुलीपुढं. मग पैठणला धरण झालं. सासरचं गाव पाण्याखाली गेलं. माहेर उंचावर होतं म्हणून राहिलं. दोन्हींच्या मध्ये पाणी पसरलं आणि पायाखालची वाट एसटीनं कायगावच्या पुलावरून वळसा घालून जायची झाली. सगळा दिवस मोडायचा.

मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धरणग्रस्त म्हणून खात्यात काम मिळालं. पाण्याची खोली मोजणारे साहेब लोक याच बोटीतून फिरायचे, इंजिन मालक चालवायचे. पुढं बदली शहरात झाली, आम्ही सगळेच इकडं आलो. काही वर्षांनी खात्यानं बोट भंगारात काढली, तेव्हा मालकांनी ती लिलावात घेतली. मला विचारलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती अंगणात उतरली तेव्हा मी धान्य निवडत होते. मी विचारलं, "हे काय आता?"

"बोट."

"दिसतंय मला. कशाला?"

"तुझ्या मायला आणायला," ते म्हणाले आणि इंजिन झाकायला गोणपाट शोधू लागले.

मी परत धान्य निवडायला लागले. खरं होतं ते.

मायचे डोळे गेले होते. म्हणजे जात होते. आधी ज्वारीतले खडे दिसेनात, मग माणसं आवाजावरून ओळखायला लागली. तिच्या गावातल्या शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं होतं, तिथल्या डॉक्टरनं माझ्या भावाला सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. लांबवलं तर डोळा कायमचा जाईल. एका डोळ्याची त्याला आशा नव्हतीच. दुसरा वाचेल म्हणाला, पण पुढच्या वर्षीचा पावसाळा लागायच्या आत.

आता यात अवघड काय? माणसानं एसटीत बसावं आणि यावं. पण मायला एसटी चालत नव्हती. डिझेलचा वास आला की तिला भडभडून ओकारी व्हायची, घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे. भावानं एकदा बळंच बसवली होती. पुलाच्या अलीकडंच तिनं कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, उतरली आणि भावाचा हात धरून आल्या वाटेनं चालत घरी गेली. बैलगाडीनं एवढा वळसा तिच्या हाडांना झेपण्यासारखा नव्हता. आम्ही सगळ्यांनी समजावलं. तिचं एकच, "पाण्यावरनं लेक दिली, पाण्यावरनं न्या. येते."

हे तिनं जावयासमोर म्हटलं नव्हतं. आमच्याकडं सासू जावयासमोर पदर पुढं ओढून दाराआडून बोलते. ती दाराआडून म्हणाली आणि जावई ओट्यावर बसून ऐकत होता. तिथून ही बोट सुरू झाली.

पावसाळा उलगडल्यावर मालकांनी बोट उताणी केली, म्हणजे सरळ केली, आणि तिच्या मागच्या फळीला इंजिन अडकवलं. मागं लटकवायचं इंजिन असतं ते, पेट्रोलवरचं, सगळा जोर त्या फळीवर. इंजिन अडकवलं आणि फळी वाकली. हातानं दाबली तर आत-बाहेर व्हायला लागली. मालकांचा चेहरा उतरला.

मी माठ घेताना वाजवून घेते. तशी बोट वाजवत गेले, बोटांच्या पेरांनी. पुढं ठणठण वाजत होती. मागं आले तर भदभद. सडलेल्या टरबुजासारखा आवाज. तळात लांबीला दांडे गेले होते, तेही तसेच वाजले.

"आत लाकूड आहे का हिच्या?" मी विचारलं.

"असतं. वरून नुसतं कातडं फायबरचं. ताकद लाकडाची."

"मग लाकूड सडलंय तुमचं."

"वरून तर काय दिसत नाय."

"वरून कसं दिसंल?"

त्यांनी हेक्सॉच्या करवतीनं वरचं कातडं कापलं. आतून काळं पाणी आलं आणि असा वास, की गोठ्यात बरेच दिवस भिजून कुजलेला कडबाच जणू. लाकूड नव्हतंच. ओला भुसा होता. कुठल्याशा जुन्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं होतं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत मुरत होतं. मी घरातून खुरपं आणलं आणि बोटीत बसून ते उकरायला लागले. आयुष्यभर खुरपणी केली, बोटीत बसून पहिल्यांदाच केली. घमेली भरभरून निघालं. गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, काय पेरलं होतं यात?"

नवं लाकूड बसवायचं तर सुतार हवा आणि वरून कातडं चढवायला फायबरवाला हवा. फायबरवाला शहरातच मिळाला. कूलरचे सांगाडे आणि पाण्याच्या टाक्या करायचा. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. पान खायचा, बोलायचा दखनी, आणि कामाच्या आधी प्रत्येक गोष्टीवर बोटानं टिचकी मारून बघायची सवय. माझ्यासारखीच. सुतार मात्र मालकांनी आपला आणला. आमच्या बुडालेल्या गावात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या आणि नांगर केले त्या घरातला, मालकांपेक्षा मोठा. मी त्यांना मामा म्हणायचे. धरणानं त्यांनाही उठवलं होतं. बैलगाड्या कमी झाल्या होत्या, काम हवं होतं. मालक म्हणाले, आपला माणूस असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं?

मामांनी बाभळीचं लाकूड आणलं. गाडीसाठी त्यांनी ते वर्षभर विहिरीत बुडवून ठेवलं होतं. बाभूळ अशीच मुरवतात, मग तिला कीड लागत नाही. ते काढून थोडे दिवस सावलीत ठेवलं आणि कामाला लागले. दांडे असे केले की बघत राहावं. वाकसानं तासून, रंधा मारून, तळाच्या गोलाईला बरोबर बसतील असे. झाल्यावर त्यांनी काय केलं, तर गाडीच्या साटीला, म्हणजे सांगाड्याला करतात तेच. हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि फडक्यानं सगळ्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं. एकदा, वाळलं की परत. आमच्याकडं कोणीही तसंच केलं असतं. तेल नाही पाजलं तर सुतारानं काम अर्धं सोडलं म्हणतात. लाकूड असं चमकत होतं की मलाच बरं वाटलं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. तेल तोवर आत शिरून वरून कोरडं झालं होतं. त्यानं टिचकी मारली, "मस्त बनाये चाचा," म्हणाला, आणि काचेची मॅट, केमिकल, हार्डनर काढलं. मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची पांढरी चटई. ती लाकडावर अंथरायची आणि ब्रशनं वरून केमिकल चोपडायचं. त्याचा एक गोडसर, डोक्यात चढणारा वास. थोड्या वेळानं ते आपोआप तापतं आणि दगड होतं. मी हात लावून पाहिला, चुलीवरून उतरलेल्या तव्यासारखं लागलं. त्या काचेनं माझ्या हातांना अशी खाज सुटली की आठवडाभर पोळ्या लाटताना मी भिंतीला कोपर घासत होते.

संक्रांतीच्या पुढं भावाला निरोप गेला. अमुक दिवशी मायला घेऊन काठावर ये, आम्ही पाण्यानं येतो.

ट्रॉलीतून बोट पैठणच्या अलीकडं आमच्या बाजूच्या काठावर नेली. मी, मालक, मामा. मामांना आपलं काम पाण्यावर बघायचं होतं. बोट पाण्यात छान बसली. मालकांनी दोरी ओढली, इंजिन लागलं. काठ सोडून थोडं आत गेलो असू, मालकांनी इंजिनाला जोर दिला आणि मागून करकर आवाज आला. पापड मोडतो तसा. वळून बघते तर फायबरचं कातडं लाकडापासून सुटत होतं. सगळंच्या सगळं, सालीसारखं. मागची फळी इंजिनासकट मागं कलली. मालकांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. ते पाण्यात गेलं असतं तर पुढं काही उरलंच नसतं. मामा आणि मी हातांनी पाणी मारत बोट काठाला आणली. मामा सारखे सुटलेल्या दांड्याकडं बघत होते.

पलीकडं माय सकाळपासून काठावर बसली होती. आम्हाला ती दिसत नव्हती, अंतर मोठं. तिला तर काहीच दिसत नव्हतं. भावानं नंतर सांगितलं, ती कान देऊन बसली होती, इंजिनाचा आवाज येतो का म्हणून. ऊन कलल्यावर उठली आणि म्हणाली, "चल, गाईला पाणी पाजायचंय."

दोन दिवसांनी भाऊ एसटीनं आमच्याकडं आला. मालक त्याच्यासमोर मान वर करीनात. भाऊ म्हणाला, "भावजी, मायनं सांगितलंय, घाई करू नका. मला दिसत नसलं तरी मी कुठं पळून जात नाय." मालक हसले नाहीत. मी हसले, कारण तिनं ते कसं म्हटलं असेल ते मला ऐकू येत होतं. मग भाऊ हात धुवायला मागं गेला तेव्हा मला हळूच म्हणाला, "ताई, आता दिवसासुद्धा भिंत चाचपून चालती."

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सुटलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि पान थुंकून आला.

"भाभी, ये किसने किया? लकडी को तेल पिला दिये?"

"मग काय कोरडं ठेवायचं लाकूड?" मामा म्हणाले. "तुझं केमिकल पातळ व्हतं. माझ्या लाकडाला काय झालंय का बघ."

"चाचा, तेल पे मेरा माल कैसा चिपकेंगा? तवे को तेल लगाए तो रोटी चिपकती क्या?"

"आमच्या बापजाद्यापासून लाकडाला तेल पाजत्यात."

"हौ, बैलगाडी को पिलाओ ना! बैलगाडी को मैं कब फायबर लगाया?"

"आन् आत पाणी कुठनं आलं रं?" मामांनी तासलेला तुकडा उचलला. तो आतून ओलाच होता. विहिरीतलं पाणी बाभळीनं धरून ठेवलं होतं, वरून तेलानं ते आत कोंडलं. मामांनी तो तुकडा धोतराला पुसला आणि खाली ठेवला. खरं तर दोष त्यांचा नव्हता. गाडीचं लाकूड जितकं मुरलेलं आणि तेल प्यालेलं, तितकं चांगलं. हे लाकूड हवेत राहणार नव्हतं, कातड्यात कोंडून राहणार होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. बोट म्हणून आम्ही एक बैलगाडी केली होती.

"सुखी लकडी होना," मिस्त्री म्हणाला. "पुरानी. सागवान होंगी तो सोना. बरसों की सुखी."

तसं लाकूड वखारीत मागितलं की ते हो म्हणतात आणि ओलं देतात. मालक दोन-तीन वखारी फिरून आले. चांगलं मिळत नव्हतं, मिळालं ते परवडत नव्हतं. मी काही बोलले नाही, पण मला दिसत होतं. आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. मिस्त्री "पुरानी सागवान" म्हणाला तेव्हा तो तिच्यावरच बसला होता.

ती आमची सागाची तुळई. गाव सोडायची वेळ आली तेव्हा लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली. आमचं घर माळवदाचं होतं, म्हणजे लाकडावर मातीचं छत. मालकांनी माती खाली ओढली, फळ्या काढल्या, दारं काढली, बाकी सगळं विकलं, मधली मोठी तुळई ठेवली. चुलीच्या धुरानं काळीकुट्ट झालेली. गाडीत मावत नव्हती, मागं हातभर लोंबत होती. शहरात आल्यावर भिंतीच्या कडेला विटांवर ठेवली. ऊन नको, पाणी नको, वाळवी नको म्हणून मालक तिची इतकी उस्तवार करायचे की मी म्हणायचे, एवढी माझी केली असती तर मी जाड झाले असते. त्यांचं म्हणणं, परत माळवद बांधीन तेव्हा हीच चढवीन. आणि शहरात माळवद कोण बांधतं? गवंडीसुद्धा मिळत नाही. लोखंडी सळया आणि सिमेंट, झालं. पण हे त्यांना कोणी बोलून दाखवत नव्हतं.

मी बोलले. जेवायला वाढताना. "ती तुळई कापा."

त्यांनी घास खाली ठेवला. "ती माळवदाची हाय."

"माळवद कुठंय?"

"बांधू पुढं."

"गळणारं माळवद दुरुस्त करतात. तुमचं आता गळणार नाही, ते पाण्याखाली आहे. मायचा डोळा अजून वर आहे."

ते उठले. ताट तसंच. मग त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी पण समजूत काढायला गेले नाही. मला ते जमत नाही, आणि मी चुकीचं काही बोलले नव्हते. संध्याकाळी ते तुळईवर जाऊन बसायचे. कधी त्यांचा हात लाकडावरून फिरायचा, कधी नाही. मी आतून भांडी घासत बघायचे. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्या तुळईला माझ्या पहिल्या लेकराचा पाळणा टांगला होता, तिच्यावर दोरीचा वळ अजून होता. पण पाळणा संपला होता. माय होती.

एका सकाळी मी उठून बाहेर आले तर भिंतीकडेच्या विटा रिकाम्या. मालक आणि मामा तुळई हातगाड्यावर दोरीनं बांधत होते. माझ्याकडं न बघता मालक म्हणाले, "आरा मशीनवर नेतो. चहा ठेव, मामांना साखर जास्त."

कापून आणली तेव्हा वरचा धूर बाजूला झाला होता आणि आतून लाकूड निघालं मधाच्या रंगाचं. आरावाला म्हणाला म्हणे, असं लाकूड आता बघायला मिळत नाही. मामांनी एक तुकडा नाकाला लावला आणि म्हणाले, "सूनबाई, आपल्या गावाचा वास हाय बघ." मी हुंगलं. मला सागाचाच वास आला. पाळण्याच्या दोरीचा वळ असलेला तुकडा कुठं गेला ते मी विचारलं नाही.

या खेपेला दोघं एकाच वेळी आले, मामा आणि मिस्त्री. आल्या आल्या मिस्त्रीनं विचारलं, "तेल का डब्बा किधर है?" मामांच्या पिशवीत होता. मिस्त्रीनं तो काढला, अंगणात ठेवला, त्याच्यावर एक फळकूट टाकलं आणि वर बसला. दिवसभर त्यानं जे बसून करायचं काम होतं ते त्या डब्यावर बसून केलं. पाणी प्यायला उठला तरी डबा बगलेत.

"अरे, चोर हाय का मी?" मामा म्हणाले.

"नै चाचा, तुम्हारा हाथ चोर है. आदत से चले जाता."

आणि ते खरं होतं. दांडा तासून झाला, रंधा मारून झाला की मामांचा हात आपोआप पिशवीकडं जायचा, तिथं काही नसायचं, मग ते कपाळ पुसायचे. लाकूड बसवायची वेळ आली तेव्हा त्यांना राहवेना. "असं उपाशी लाकूड मी कधी कुणाला दिलं नाय," ते माझ्याकडं बघून म्हणाले. मिस्त्रीला मराठी पुरती समजायची. तो उठला. एका डब्यात त्यानं केमिकल घेतलं, काहीतरी घालून पाण्यासारखं पातळ केलं, ब्रश मामांच्या हातात दिला.

"लो चाचा. पिलाओ. जितना पीती उतना पिलाओ."

मामांनी ब्रश फिरवला. कोरडं साग ते गटागट प्यायलं. ब्रश पुढं गेला की मागचं कोरडं दिसायचं. मामा परत फिरवायचे, परत पिऊन टाकायचं. मामांचा चेहरा फुलला. "लई तहानलेली व्हती की," ते म्हणाले. मिस्त्री डब्यावर बसून पान लावत होता. "हौ. अब छोडेंगी नहीं." मालक लिंबाला टेकून उभे होते. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले, ते कप घेताना म्हणाले, "किती वर्षं धूरच प्यायली होती." त्या जेवणानंतर ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, साखरेचं सोडून.

पाडव्याच्या पुढं बोट परत पाण्यात घातली. या वेळी मागून आवाज आला नाही. मालक मुद्दाम इंजिनाला जोर द्यायचे, सोडायचे, परत द्यायचे. मी मागच्या फळीवर हात ठेवून बसले होते. ती नुसती थरथरत होती, हलत नव्हती.

पलीकडं पोचलो तर नवीनच अडचण. उन्हाळ्यानं पाणी मागं हटलं होतं, काठापर्यंत नुसता गाळ. गुडघ्याइतका. माय वर बाभळीखाली बसली होती, भाऊ शेजारी, गाठोडं मांडीवर. भावाचा पाय मुरगळलेला, तो लंगडत होता. आंधळ्या म्हातारीला गाळातून चालवणार कसं? मालकांनी धोतर खोचलं, गाळ तुडवत वर गेले आणि तिच्यापुढं पाठ करून उकिडवे बसले.

"बसा, आत्याबाई."

मायनं पदर पुढं ओढला. "कोण हाय?"

"जावई."

"अगं बाई! जावयाच्या पाठीवर बसू का आता? लोकं काय म्हणतील?"

"लोकं नाय इथं. बगळे हायेत."

"अरे लेका, तूच घे मला."

"माय, माझा पाय बघ," भाऊ म्हणाला.

"मला कुठं दिसतोय तुझा पाय!"

मी बोटीतून ओरडले, "माय, बस लवकर, इंजिन गार होतंय." इंजिन गार झाल्यानं काही बिघडत नाही, पण तिला काय माहीत. ती बसली. एका हातानं जावयाच्या खांद्याला धरलं, दुसऱ्या हातानं पदर तोंडापुढं धरून ठेवला. तशीच गाळातून आली, जावयाच्या पाठीवर जावयापासून तोंड लपवत. भाऊ मागून गाठोडं घेऊन हसत होता. मालकांच्या पायातून पच्‌पच् आवाज येत होता आणि त्यांचा चेहरा असा गंभीर, की जणू खांद्यावर पालखी आहे.

बोटीत बसवली तर तिनं आधी बोट चाचपली. मग पेरांनी वाजवली. ते मी तिच्याकडूनच शिकले होते. "भरीव हाय," म्हणाली. मी तिला सांगितलं, आत आमच्या माळवदाची तुळई आहे. थोड्या वेळानं तिनं हात मागं नेला आणि फळीवर ठेवला, तो काठ येईपर्यंत काढला नाही.

मध्यावर आलो तेव्हा तिनं विचारलं, "कुठं आलो?"

मालकांनी दोन्ही काठांकडं बघून अंदाज घेतला. "गावावर आलो असू. वेशीपाशी."

"म्हंजी लेकीच्या दारावरनं चाललो?"

"व्हय."

"आन् चहा नाय?"

मालक हसले. कितीतरी महिन्यांनी. हसता हसता इंजिनाचा दांडा सुटला आणि बोट गोल फिरली. माय बाजूला धरून ओरडली, "अवं जावईबापू, नाय दिला तर नाय दिला, बुडवता कशाला!" दाराआडून नाही, सरळ तोंडावर. त्यानंतर तिनं त्यांच्याशी दाराआडून बोलणं सोडलं.

काठापासून शहरापर्यंतची उरलेली वाट तिला बैलगाडीनं, वाटेत मुक्काम करत आणली. ऑपरेशन झालं. एक डोळा गेलाच होता, डॉक्टर म्हणाले तसं. दुसरा राहिला. पट्टी काढल्यावर तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता रडेल. म्हणाली, "लई म्हातारी झालीस गं." मी म्हटलं, "तू काय तरणी राहिलीस?" शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडं तोंड उघडं टाकून बघत होती.

घरी आणली तर अंगणात बोट पाहिली. "एवढीशीच?" म्हणाली. "मला वाटलं मोठी असंल." भिंतीकडेच्या रिकाम्या विटाही पाहिल्या आणि मालकांकडं पाहिलं. त्या विटांवर मग तीच बसायची, सकाळच्या उन्हात, हिरवा चष्मा लावून, ज्वारी निवडत. प्रत्येक खडा वर धरून मला दाखवायची. त्या वर्षीच्या माझ्या कुरडयांना केमिकलचा वास लागला. तळल्या तरी जात नव्हता. ती एकटीच खायची, म्हणायची मला काही वास येत नाही. येत असणार.

पाऊस लागायच्या आत तिला परत पोचवायचं होतं. भरपूर आग्रह केला, राहिली नाही. तिची गाय होती. सकाळीच निघालो, पाणी गुळगुळीत होतं. या वेळी ती पुढं तोंड करून बसली, पदर खांद्यावर, आणि मध्यावर आलो तेव्हा मालकांनी न विचारताच इंजिन हळू केलं. माय वाकली. एका डोळ्यानं खाली बघायला लागली. बराच वेळ बघितलं. मालक तिच्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं.

"काय दिसतं का, आत्याबाई?" त्यांनी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "लई हिरवं हाय."

मालकांनी मान हलवली आणि इंजिनाला जोर दिला. त्यांनी पुढं पुष्कळ वर्षं त्या बोटीतून पलीकडची माणसं दवाखान्याला आणली, नवऱ्या आणल्या, एकदा बकऱ्या. माळवदाचं नाव परत काढलं नाही. बोट नंतर एका मासेमाराला दिली. ती कुठं आहे मला माहीत नाही. कातडं उसवलं असेल, कधीतरी उसवतंच. आतलं लाकूड अजून कोरडं असणार.